कविता शिकवू नका ताई, आधी स्वतः मजा घ्या

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही दारव्ह्याकडच्या, दोन वर्षांपासून मुलगी (९) आणि मुलगा (६) घरीच शिकतायत, गणित-विज्ञान बरं चाललंय पण कविता काढली की पोरगी उठून जाते. तुम्ही प्रत्येक कवितेखाली पाच प्रश्नांचं वर्कशीट बनवलं, शब्दार्थ लिहून घेतले, पाठांतर घेतलं, आणि परवा ती तुम्हाला म्हणाली, "मले कविता नोको, त्यापेक्षा भागाकार दे." वरून घरच्यांचं म्हणणं की हा सगळा टाईमपास आहे, त्यापेक्षा इंग्रजी वाढवा.

भागाकार मागणारी पोरगी वाचून मी एकटीच हसत बसले, कारण आमच्या मोठ्या पोरानं याच वयात कवितेपेक्षा ढोरांचा कोठा झाडणं पसंत केलं होतं, आणि खरंच झाडलाही होता.

आमचं सांगायचं तर आम्ही आर्वीकडचे, कापूस-तूर-सोयाबीनवाले. तीन पोरं, मोठा १९, मधली १५, धाकटा १०, चौदा वर्षं झाली घरीच शिकणं चालू आहे. त्याआधी मी सात वर्षं एका खाजगी शाळेत मराठी शिकवायची, आणि आता वाटतं की आमच्या घरी कवितेचं जे नुकसान झालं ते त्या सात वर्षांमुळंच झालं. कवितेची चिरफाड कशी करायची हे माझ्या हाताला इतकं बसलेलं होतं की घरी आल्यावरही मी तेच केलं, फक्त वर्गात पंचेचाळीस पोरं होती आणि इथं एकच, त्यामुळे त्या बिचाऱ्याला लपायलाही जागा नव्हती. कवीचं नाव, कवितेचा विषय, मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ आणि ती का आवडली. पाहुणे आले की त्याला सपरीत, म्हणजे ओसरीत, उभं करून कविता म्हणायला लावायची, पाहुणे चहा पीत "वा वा" करायचे. आठव्या वर्षापर्यंत त्याला वीसेक कविता पाठ होत्या आणि त्यातली एकही आवडत नव्हती. एकदा पाहुण्यांची गाडी दिसली तर तो सरळ पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, जाऊन बसला, अंधार पडेपर्यंत आलाच नाही.

त्यानंतर मी कविता बंद केली. म्हणजे त्याच्यासाठी बंद केली, माझी स्वतःची चालूच होती. भाकरी थापताना मला पुटपुटायची सवय आहे. बालकवींची ती औदुंबराची आठ ओळींची कविता, माझ्या वडिलांची आवडती, ती मी अशीच चुलीपाशी म्हणत होते, आणि सपरीतून आवाज आला, "आई, मधातली एक ओळ खाल्ली तू." मी विचारलं कोणती. "ते पायवाटेची." मी त्याला ती कविता कधीच शिकवली नव्हती! भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्याच्या कानात बसली होती. मग दोन दिवसांनी जेवताना मधातच विचारतो, "आई, शेवटी 'असला औदुंबर' म्हणते, तर असला म्हणजे कसला?" आता हा प्रश्न मी सात वर्षांत एकाही वर्कशीटमध्ये घातला नव्हता, मला सुचलाच नव्हता. मी म्हटलं मला नाही माहीत बापा. तर तो दुसऱ्या दिवशी नाल्यावर गेला, आमच्याकडं उंबरं भरपूर, आणि पाण्यात मुळं सोडून बसलेला एक उंबर शोधून आला आणि मला हात धरून तिथं नेलं, म्हणे "असला."

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते आणि तुम्हालाही तीच सांगते. पोराला कविता शिकवायची नाही, आपण पोरादेखत कवितेची मजा घ्यायची. जी कविता तुम्हाला स्वतःला आवडत नाही ती वाचूच नका, पुस्तकात आहे म्हणून तर अजिबातच नको. पोरांना लगेच कळतं आई ड्युटी करून राहिली की खरंच खूश आहे. कविता वाचली की दोन सेकंद गप्प बसायचं आणि मग दुसरं काम करायचं. "काय समजलं?" हे विचारायचं नाही. जिभेवर येईल, मला अजून येतं, तेव्हा त्याऐवजी "परत वाचू का?" असं विचारायचं. अर्ध्या वेळा हो म्हणतात. अर्थ समजावून सांगण्यापेक्षा तिसऱ्यांदा वाचल्यानं जास्त उलगडतो, हे मी तीन पोरांवर पाहिलं आहे. त्यांनी विचारलं तर मात्र सांगायचं, एका वाक्यात, लेक्चर नाही.

वेळेचं विचारलंत. आमच्याकडं टाईमटेबल नाही, ऋतूवर चालतं. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच बाहेर पाय ठेवायची सोय नसते, पारा ४५ च्या वर, तेव्हा कूलरसमोर चटई टाकून लांबलचक गोष्टींची पुस्तकं वाचतो, फक्त कूलर इतका ओरडतो की मला त्याच्यापेक्षा जोरात वाचावं लागतं, महिनाभरात घसा बसतो. पावसाळ्यात झड लागली की तेच. कविता मात्र तुकड्या-तुकड्यात, वेचणीला जाताना बैलबंडीवर, तूर निवडताना, आणि लाईन गेली की हमखास. लाईन जाणं ही साहित्यासाठी फार चांगली गोष्ट आहे, मोबाईलची बॅटरीही तेव्हाच संपलेली असते.

आता पोरगी कवितेवर रुसलीच आहे तर तिच्यासमोर कवितेचं पुस्तक दोन-तीन महिने उघडूच नका. कोड्यांपासून सुरू करा. बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे. दात आणि जीभ. हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय, पण नीट पाहा त्यात काय आहे, जिभेला नागीण म्हटलंय आणि दाताला दगडाचे चिरे, म्हणजे शाळेत ज्याला रूपक म्हणतात आणि ज्याची व्याख्या पाठ करताना पोरं रडतात ते इथं सहा वर्षांचं पोरगं हसत हसत सोडवतं. मग त्यांना म्हणायचं आता तुम्ही घाला कोडं. आमच्या धाकट्यानं एकदा घातलं होतं, "पांढरी बकरी, काट्यात बसली, वेचली तर घरी, नाही तर भिजली." कापसाचं बोंड. (बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्या बोटाला कशा टोचतात हे ज्यानं वेचलंय त्यालाच माहीत.) त्याला मी कविता म्हटलं नाही, आजीनं म्हटलं, "अरे हे तं गाणंच झालं."

तुमची पोरगी भागाकार मागते म्हणजे तिला हिशेब आवडतो. मग तिला अभंग द्या! मी चेष्टा नाही करत. मूठभर तुरीचे दाणे घ्या आणि 'सुंदर ते ध्यान' मांडायला लावा, एका अक्षराला एक दाणा, जोडाक्षर एकच धरायचं. सुं-द-र-ते-ध्या-न, सहा. उ-भे-वि-टे-व-री, सहा. क-र-क-टा-व-री, सहा. ठे-वू-नि-यां, चार. सहा-सहा-सहा-चार आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक, हा मोठा अभंग. मधलीनं हे मांडलं तेव्हा तिचे डोळेच मोठे झाले, म्हणे तुकाराम महाराज मोजून लिहायचे का? मी म्हटलं मोजत नसतील, कानात बसलं असेल, जसं तुझ्या आजीला मीठ मोजावं लागत नाही. मग तिनं आजीच्या हरिपाठाच्या पुस्तकातले अभंग दाणे टाकून टाकून तपासले आणि एका ठिकाणी सात अक्षरं सापडली तर आजीशी भांडायला गेली. आजी म्हणाली, "म्हणताना बसते ना चालीत, मंग झालं." संतांच्या रचनेत अक्षर इकडं-तिकडं होतं आणि म्हणताना ते ओढून-दाबून बसवतात, हे तिला पुस्तकातून कळलं नसतं. त्याच आठवड्यात तिनं स्वतःचा अभंग केला:

काळी माही गाय
वावरात जाय
पऱ्हाटीच खाय
मार खाते

मोजा, बरोबर आहे. आजीचा एकच आक्षेप, की अभंगात गाईला मार नाही देत. त्यावर घरात दोन दिवस चर्चा झाली, शेवटी "मार खाते"चं "पळ आता" झालं, अक्षरं तेवढीच. हे शब्द बदलून पाहणं, एकाऐवजी दुसरा बसवून पाहणं, यात ती जे शिकली ते माझ्या कोणत्याच प्रश्नपत्रिकेत आलं नसतं.

आपल्याकडं विदर्भात तर यासाठी बाहेर जायचीही गरज नाही, सणच तसे आहेत. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असतात तेव्हा झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, म्हणतात, गावातले म्हातारे अजून म्हणतात, शेवटी सगळ्यांनी मिळून "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव". झडतीत कोणाचीही खेचता येते, सरकारची, सावकाराची, बायकोची, पोळ्याच्या दिवशी कोणी रागावत नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतात, तेव्हा आमच्याकडं नियम आहे की झडती स्वतः बनवलेलीच म्हणायची. तीन वर्षांपूर्वी धाकट्यानं सगळ्या गावासमोर म्हटली:

वावरात पेरली तूर, रोही आले फार
बाबा गेले जागलीले, झोपले रातभर
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

(रोही म्हणजे नीलगाय, जागल म्हणजे रात्रीची पिकाची राखण.) बाबा तिथंच उभे होते. गाव हसून हसून लोटपोट, आणि सरपंचांनी त्याला दहा रुपये जास्तीचे दिले. सात वर्षांच्या पोराला त्या दिवशी कळलं की दोन ओळींत काय ताकद असते. यजमान अजून म्हणतात मी झोपलोच नव्हतो.

आणि भुलाबाई, पोरींचा गाण्यांचा सण. तुमच्या गावात बसवतात की नाही माहीत नाही, आमच्याकडं कमी झालं होतं, आता पाच-सात घरी बसते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. सासूबाईंना गाणी येतात, पण त्यांना बसवून "सांगा" म्हटलं की एकही आठवत नाही. खिरापतीचा डबा हलवून खाऊ ओळखायचा खेळ सुरू झाला, बाजूच्या दोघी आल्या, टाळ्या सुरू झाल्या की मग थांबता थांबत नाहीत. मधलीनं मोबाईलवर रेकॉर्ड करून वहीत उतरवून काढली तर तिच्या लक्षात आलं की आजीचं गाणं आणि बाजूच्या बाईचं तेच गाणं वेगळं आहे, ओळी मागंपुढं, नावं वेगळी. मला विचारलं खरं कोणतं. हा प्रश्न मोठमोठे संशोधक जुन्या पोथ्या समोर ठेवून विचारतात, त्याला पाठभेद म्हणतात, आणि इथं ही तेव्हा अकरा वर्षांची पोरगी ओट्यावर बसून विचारून राहिली. मी म्हटलं दोन्ही खरी, दोन्ही लिहून ठेव, कोणी म्हटलं तेही लिही. त्यातलं ते बत्ता-दत्तावालं तुम्हाला माहीतच असेल, अडकित जाऊ खिडकित जाऊ, खिडकित होता बत्ता, भुलोजीला मुलगा झाला नाव ठेवा दत्ता. हे गाणं म्हणजे उघडा साचा आहे, खिडकीत काहीही ठेवा. पोरींनी ठेवली चावी, नाव ठेवा रावी. धाकटा मधातच घुसला, खिडकित होती वायर, नाव ठेवा शायर. तुमच्या सहा वर्षांच्याला हे द्या, त्याला यमक म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही, उलट थांबवावं लागेल.

आता भाषेचं. तुम्ही लिहिलंत की पोरगी "मले-तुले" बोलते, पुस्तकातली भाषा तिला परकी वाटते, तर आधी बोली सुधारायची का. नाही ताई, हात जोडते. मी स्वतः पाचवीत "मले येते" म्हटलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता आणि बाईही हसल्या, त्यानंतर मी वर्षभर हात वर केला नाही. बोली ही साहित्याकडं जायची पायरी आहे, तीच काढून टाकली तर पोरगी चढणार कशावरून? आमच्याकडं एक वही आहे, एका बाजूला आपला शब्द, एका बाजूला पुस्तकातला. सांबार – कोथिंबीर, भेद्रं – टोमॅटो, वावर – शेत, गंज – पातेलं, मधात – मध्ये. कोणता चूक कोणता बरोबर असं लिहिलेलं नाही. मी बहिणाबाई वाचायला लागले तेव्हा मधली म्हणाली "हे तर आपल्यासारखं बोलते." त्या खानदेशच्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या म्हणत गेल्या आणि मुलानं आणि मावसभावानं लिहून ठेवलं, गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघालं. हे ऐकल्यावर आमच्या सासूबाई, ज्यांना सही तेवढी येते, पहिल्यांदा आमच्या वाचनात येऊन बसल्या. आणि मनाला उभ्या पिकातल्या ढोराची उपमा दिलेली ती कविता वाचली तर मोठा लगेच म्हणतो, "ढोर परत येतेच, हे तिले माहीत आहे, तरी हाकलते." तो तेव्हा रोज सकाळी तेच करत होता, शेजाऱ्याची गाय धुऱ्यावरून हाकलत होता. मी काही जोडलं नाही त्यात. काही जोडायचं राहिलंच नव्हतं.

आमचा सगळ्यात भारी प्रसंग कौंडण्यपूरचा, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की तिकडं अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर मानतात, तिथून दरवर्षी तिची पालखी पंढरपूरला जाते. आणि त्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर, महानुभाव पंथाचं, जिथं तेराव्या शतकात लीळाचरित्र, चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ, लिहिलं गेलं आणि जिथं महदाईसेनं ढवळे रचले, तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात. ढवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी, आणि विषय कोणता तर कृष्ण-रुक्मिणीचं लग्न. म्हणजे मराठीतल्या पहिल्या कवयित्रीनं आपल्याकडं राहून गाणी केली ती आपल्याकडच्याच पोरीच्या लग्नाची! मला हे एमएला शिकताना परीक्षेपुरतं माहीत होतं, कौंडण्यपूरला नदीच्या घाटावर शेंगदाणे खात बसलो होतो तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं. मी पोरांना रुक्मिणीची गोष्ट सांगितली, भाऊ रुक्मी तिला शिशुपालाला देऊन राहिला होता, तिनं कृष्णाला चिठ्ठी पाठवली, देवीच्या देवळातून पळवून नेलं. मधली तेव्हा दहाची, शेंगा फोडता फोडता विचारते, "चिठ्ठी कोण्या भाषेत लिहिली असन?" मोठा म्हणे, "इथली आहे तं वऱ्हाडीतच असन." झालं, घरी येईपर्यंत बसमध्ये दोघांनी चिठ्ठी तयार केली, मागच्या सीटवरच्या एका आजोबांनीही दोन सूचना दिल्या. ती चिठ्ठी अजून फ्रीजला लावलेली आहे:

"किसनजी, तुमी लवकर या. दादा आयकत नाही. तो शिशुपाल वऱ्हाड घेऊन येऊन राह्यला. मी सकाळी देवीच्या देवळात येईन, तिकडूनच चालले जाऊ. रथ आणजा, बंडी नोको, बंडी हळू चालते."

याच्यानंतर मी ढवळ्यांतल्या चार ओळी वाचून दाखवल्या, जुनी मराठी, अर्धं समजलं नाही, पण दोघं ऐकत होते कारण ती आता त्यांच्या ओळखीच्या पोरीचं लग्न होतं. तुमच्याकडून रिद्धपूर थोडं लांब पडेल, पण एक दिवस काढण्यासारखं आहे. तसंच वर्ध्याला गीताई मंदिर, विनोबांनी आईसाठी गीता मराठीत आणली, १९३०-३१ मध्ये लिहिली, आणि तिथं सगळे अध्याय दगडांवर कोरलेले आहेत. धाकट्याला तेव्हा नीट वाचता येत नव्हतं, तो अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवत फिरवत "मा... मी... म" करत एका दगडापुढं अर्धा तास होता. आम्ही बाकीचे सावलीत जाऊन बसलो.

पुस्तकं कुठून आणायची, हे लवकर सांगते. तालुक्याला शासनमान्य वाचनालय बहुतेक असतंच, गावातही छोटं ड वर्गाचं असू शकतं, कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली कोणाच्या तरी घरी असते, ती किल्ली शोधा. बालभारतीची जुनी-नवी पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात आणि 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही नेटवर आहेत, मे महिना त्यावर आरामात निघतो. रद्दीच्या दुकानात दिवाळी अंक किलोवर. कवितेसाठी विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांच्या लहान मुलांसाठीच्या कविता घ्या, विंदांच्या तर मोठ्यांनी स्वतःसाठी घ्याव्या इतक्या खट्याळ आहेत. चित्रांची पुस्तकं सहा वर्षांच्याला हवीतच, पण मोठीलाही बसू द्या सोबत, "तुझ्या वयाचं नाही हे" म्हणू नका.

पोरानं नको म्हटलं तर पुस्तक मिटायचं. मधलीनं 'श्यामची आई' मध्येच थांबवलं, म्हणाली आई पुढं मरणार आहे ना, मला नको. मिटलं. दोन वर्षांनी स्वतः काढून एका बैठकीत वाचलं, आणि नंतर संध्याकाळभर कोणाशी बोलली नाही, मीही विचारलं नाही. मोठ्याला कादंबऱ्या आवडतच नाहीत, अजूनही, त्याला चरित्रं आणि ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका आवडते. चालतंय.

आता इंग्रजी आणि परीक्षेचं, कारण घरच्यांची खरी भीती तीच आहे. इंग्रजी जरूर वाढवा, त्यानं कवितेचं काही बिघडत नाही, उलट ज्या पोराच्या कानाला एका भाषेची लय कळली त्याला दुसरी पकडायला सोपं जातं, आणि आपली पोरं तशीही हिंदी कार्टून बघून तिसरी भाषा शिकलेलीच आहेत. मोठ्यानं दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, खाजगी विद्यार्थी म्हणून दिली. मुक्त विद्यालयातूनही देता येते, राष्ट्रीय मुक्त विद्यालयात १४ वर्षं पूर्ण लागतात आणि मराठी विषय घेता येतो. रसग्रहणाचा प्रश्न असतो, त्याचा साचा आम्ही परीक्षेच्या आधी तीन महिने बसून शिकलो, कवीचं नाव कुठं, आशय कुठं, काव्यसौंदर्य कुठं. तीन महिने पुरले. पहिला नमुना त्यानं लिहिला तेव्हा मी दोन चुका काढल्या, तर म्हणे, "आई, हे तू लहानपणी विचारायची तेच आहे ना? तेव्हा काऊन विचारत होती मग?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

घरच्यांना पटवायला जाऊ नका, भांडण होईल. आमचे यजमान पुस्तक वाचत नाहीत, पण जागलीच्या गोष्टी सांगतात, रानडुक्कर कसं आलं, बॅटरी कशी विझली, आणि प्रत्येक वेळी डुक्कर थोडं मोठं होतं. पोरं मुद्दाम विचारतात, "बाबा, मागच्या वेळेस एवढंच होतं ना?" मी त्यांना फक्त रोज एक गोष्ट मागते. तुमच्या घरच्यांकडंही असेलच काही, बाजार समितीतली म्हणा, एसटीतली म्हणा, ते सांगायला लावा आणि पोरांसोबत तुम्हीही ऐकत बसा.

सुरुवात म्हणून या आठवड्यात एवढंच करा, रोज रात्री लाईन असो नसो एक कोडं, आणि दिवसातून एकदा तुमची स्वतःची आवडती कविता, स्वयंपाक करताना, कोणाकडं न बघता. पोरगी आली तर आली. आणि ती वर्कशीटं फाडून फेकू नका, मागची बाजू कोरी असेल ना, तान्ह्या पोळ्याच्या झडत्या लिहायला होतील.